हिरीचं पाणी

धम्मचक्र दिन होऊन पंधरवडा उलटला, तरी खालच्या पट्टीतलं पाणी हटेना. पाऊस केव्हाच गेला होता. निघोज्याच्या रस्त्याला पुन्हा धूळ सुटली होती, ट्रकामागे जरा वेळ उभं राहिलं की दातांखाली कचकच लागत होती. आणि एवढ्या धुळीच्या गावात अण्णासाहेबांची मेथी तेवढी पाण्यात उभी राहून कुजत होती.

अण्णासाहेब आणि धम्मपाल, बापलेक, सकाळपासून चर खणत होते. पट्टीच्या वरच्या अंगाला कंपनीची भिंत. भिंतीतून एक जाड निळा पाइप बाहेर आलेला, आणि त्यातून मनाला येईल तेव्हा पाणी पडायचं. ते पडलं की खणलेला चर भरून जायचा, फावड्याला चिखल धरायचा आणि फावडं उचलता उचलत नसे. धम्मपालच्या कमरेत कळ निघाली. त्याने फावडं टाकलं आणि भिंतीकडे बघून एक शिवी हासडली. भिंतीला काय त्याचं.

अण्णासाहेब पाइपाखाली वाकले. ओंजळ भरून तोंडात घेतली, थोडी घोळवली आणि गिळली.

"अण्णा, कंपनीचं पानी हाय ते. काय आसंल नसंल त्यात."

"कंपनीचं न्हाई," अण्णासाहेब मिशी पुसत म्हणाले. "आपल्या हिरीचं हाय."

"हीर बुजवून जमाना झाला."

"हीर बुजिवली. झरा कोन बुजिवनार? औंदा पाऊस दणकून झाला, झरा वर आला. आत फरशीतनं निघत आसंल, आन् हे पंपानं उपसून आपल्या डोक्यावर वत्त्यात. चव बग की."

धम्मपालने चव बघितली नाही. बघून करायचं काय होतं? भिंतीच्या आत जिथे आता पत्र्याची शेड होती तिथे त्यांचं वरचं वावर होतं, आणि वावरात हीर, धम्मपालच्या आजोबांनी खणलेली विहीर. तेव्हा धम्मपाल हिरीवर मोटर चालू करायचा आणि अण्णासाहेब खाली ह्या पट्टीत दारं धरायला, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, उभे असायचे. पाणी पाटातून खाली पोचलं की ते ओरडायचे, "आलं रं." मग वरून धम्मपालने "व्हय" म्हणायचं. पाट कुठे फुटलेला नाही, पाणी पोचलं, हे कळल्याशिवाय मोटरीपासून हलायचं नाही असा अण्णासाहेबांचा दंडक होता. आणि पोराचं "व्हय" कानावर आल्याशिवाय ते स्वतःही गप्प बसत नसत. ओरडतच राहायचे. सगळ्या शिवाराला कळायचं, अण्णासाहेबांच्या वावरात पाणी आलं म्हणून.

वरचं वावर कंपनीत गेलं. ज्यांचं जास्त गेलं त्यांच्या दारात मोठ्या गाड्या आल्या. ह्यांचं होतंच थोडं, त्यामुळे तेवढ्यात धम्मपालच्या बहिणीचं लग्न उरकलं, घराला स्लॅब पडला आणि घरामागे भाड्याची एक खोली निघाली. बाकी उरली ही पट्टी आणि दोन म्हशी.

हातपाय धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून धम्मपाल त्याच भिंतीच्या पुढच्या अंगाला, गेटवर गेला. ठेकेदाराची भरती होती. ज्योतीराम नावाचा ठेकेदाराचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. रांगेत जिंतूरची पोरं होती, किनवटची होती, बिहारची होती. उन्हात सगळी घामाने निथळत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"गाव?" ज्योतीरामने विचारलं.

"निघोजे."

ज्योतीरामने हातातलं आधार कार्ड उघडूनही न बघता परत केलं. "लोकल चालत नाही."

"आयटीआय झालंय माझं. वर्कशॉपला काम केलंय."

"झालं असेल ना भाऊ. माझं काय म्हणणं नाही, वरून सांगितलंय. लोकल घेतला की आज म्हैस व्याली म्हणून दांडी, उद्या भावकीत कुणी गेलं म्हणून दांडी. आणि जरा बोललं की संध्याकाळी गेटवर शंभर माणूस."

"माझ्यामागं शंभर मानूस आस्तं तर मी रांगेत कशाला हुबा ऱ्हायलो आस्तो?"

रांगेत कुणीतरी हसलं. ज्योतीरामही हसला, मनापासून हसला, आणि म्हणाला, "पुढे."

निघोज्यात जन्मणं हाच निघोज्यात काम मिळण्याच्या आड येणारा गुन्हा होता. हे धम्मपालला पहिल्यांदा कळलं असं नव्हे. तीन-चार गेटांवर त्याने हेच ऐकलं होतं. पण ह्या गेटवर ऐकताना कानशिलं जास्तच तापली, कारण ज्योतीरामची खुर्ची ज्या जागी होती तिथे त्यांची कडब्याची गंज असायची.

घरामागच्या खोलीत ज्ञानदेव नावाचा भाडेकरू राहायचा. जिंतूरकडचा, आणि त्याच कंपनीत कामाला. शिफ्ट करून येऊन तो बादलीत कपडे भिजवत बसला होता. धम्मपालचं तोंड बघून त्याने न विचारताच ओळखलं.

"भाऊ, एक बोलू का? राग नका मानू," ज्ञानदेव म्हणाला. "तुमी पत्ता बदला. तिकडं शहरात चिखलीला खोली घ्या, भाडेकरार करा, आधारवर चिखली टाका. मंग तुमी लोकल राहत न्हाईत. मी बोलतो ज्योतीरामला. आमच्याकडलाच हाय तो."

"आन् चिखलीला राहून कामाला कुठं यायचं?"

"हितंच की," ज्ञानदेव म्हणाला. त्यालाही ते बोलताना जरा चमत्कारिक वाटलं असावं. तो पुन्हा कपडे चोळायला लागला.

संध्याकाळी धम्मपालची आई केसरबाई धार काढायला म्हशीखाली बसल्या होत्या. त्याची बायको आम्रपाली ओसरीत वाचलेल्या मेथीच्या जुड्या बांधत होती. एका जुडीत निम्मी पानं पिवळी, ती निवडून टाकताना तिच्या बोटांना काळा चिकट रस लागत होता. धम्मपालने विषय काढला तेव्हा दुधाची धार तेवढी थांबली.

"म्हंजी हितनं तिकडं ऱ्हायला जायचं," केसरबाई म्हणाल्या, "आन् तिकडनं हितं कामाला यायचं?"

"व्हय."

"आन् मधी बसमधी बसायचं."

"व्हय, आई."

"बरं," केसरबाई म्हणाल्या आणि धार पुन्हा सुरू झाली.

सासू गप्प झाली तरी आम्रपाली गप्प बसणारी नव्हती. ती सांगवीची. वडील कंपनीत होते, लहानपण सगळं गल्लीत आणि जिन्यात गेलेलं. लग्न होऊन ती निघोज्याला आली तेव्हा मैत्रिणींनी कीव केली होती. आता नवरा शहरात चल म्हणतोय आणि बायको नको म्हणतेय, हे तिच्या माहेरी कुणाला खरं वाटलं नसतं.

"शहर मला नका सांगू," ती म्हणाली. "नळाला एक दिवसाआड पाणी. शेजारी कोण राहतं ते कुणी मेल्यावर कळतं. इथे आपली समू उठल्यावर धारोष्ण दूध पिते. तिथे पिशवीचं पिणार, आणि तेही तुमच्या पगारातनं."

"इथं समू शाळंत जाती ती कुठल्या रस्त्यानं जाती? परवा ट्रकानं कट मारला तेव्हा तूच थरथरत घरी आलीस ना?"

"आले."

"चिखलीला शाळा घराच्या खाली हाय. दवाखाना हाय. तुला शिवणकाम मिळंल, शिवणाऱ्या बायांना तिकडं मागणी हाय. हितं मी काय करू ते सांग. चर खनू? रोज खनतो, रोज भरतो. मी तीस वर्साचा व्हयीन आता, आन् दूध घालायला गेलो की लोक विचारत्यात, सध्या काय करतोस. काय सांगू त्यांना?"

आम्रपालीने जुडीला दोरा आवळला. "आणि अण्णा-आई?"

"त्यांनापन नेऊ."

"आमी न्हाई येत," अण्णासाहेब आतून म्हणाले. इतका वेळ ते ऐकत असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते बाहेर आले आणि उंबऱ्यापाशी उभे राहिले. "मशी जिना चढत न्हाईत. तुमी जा. मला काय वाईट वाटत न्हाई."

वाईट वाटत होतं, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. पण पोरगं घरात नुसतं बसून असलेलं त्यांनाही बघवत नव्हतं, आणि ह्या दोन गोष्टींपैकी कुठली जास्त बोचते हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. ते तसेच म्हशींना वैरण टाकायला गेले.

चिखलीत खोली शोधायलाच चार रविवार गेले. एका घरमालकाने निघोजे ऐकून डोळे बारीक केले. "निघोज्याचे? मग तुम्हाला भाड्याची खोली कशाला लागते? तुम्ही लोकांनी तर करोडोंनी जागा विकल्या." धम्मपाल म्हणाला, आमची थोडी होती. त्याला ते पटलं नाही. जमीन विकून पैसा उडवलेला दिसतोय, असा चेहरा करून त्याने जास्त डिपॉझिट सांगितलं. दुसरा मालक फार अगत्याने वागला. चहा दिला, गच्ची दाखवली, मग नाव विचारलं. धम्मपाल म्हटल्यावर त्याची मान हलायची थांबली. "कळवतो फोन करून," तो म्हणाला. फोन नंबर त्याने घेतलाच नाही. खाली येऊन आम्रपालीने समूचा हात जरा जोरात ओढला, आणि पोर विनाकारण रडायला लागली.

गावात लोकल म्हणून नको, शहरात गावचा म्हणून नको, आणि नाव सांगितलं की तिसरंच. माणसाने नेमकं कुठलं असावं हे कुणी सांगत नव्हतं.

शेवटी एका वर्कशॉपच्या वर तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. खाली दिवसभर ग्राइंडर चालायचा, त्यामुळे तिथे फारसं कुणी टिकत नसे आणि मालक नाव विचारत नसे. अण्णासाहेबांनी टेम्पोत सामान चढवायला हात लावला. पलंग बांधून झाला, बुद्धमूर्ती आम्रपालीने मांडीवर घेतली. निघताना धम्मपालने "जय भीम, अण्णा" म्हटलं. अण्णासाहेबांनी "जय भीम" म्हटलं आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, "तळवड्याच्या चौकातनं सावकाश घ्या."

पत्ता बदलून आला आणि धम्मपाल चिखलीचा झाला. ज्योतीरामने कार्ड बघितलं, मग धम्मपालकडे बघितलं. त्याने ओळखलं होतं. "हे बघा भाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "ज्ञानदेव बोलला म्हणून घेतो. पण साहेबाला कळता कामा नये. कळलं तर मी तुम्हाला ओळखत नाही, आणि ज्ञानदेवचंही माझ्याकडं काम नाही."

पहाटे उठून बस पकडायची. तळवड्याच्या चौकात ती अडकायची आणि लोक बसल्या जागी झोपायचे. पूल ओलांडून निघोजे आलं की धम्मपाल जागा व्हायचा आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागायचा. बस त्यांच्या आळीवरून जायची. एकदा वाकायची वेळ चुकली आणि त्याला कोपऱ्यावर केसरबाई दिसल्या. दुधाची किटली पायाशी ठेवून त्या गाड्या जायची वाट बघत होत्या. बसच्या धुळीने त्यांनी पदर तोंडावर धरला. धम्मपालने नाडी सोडून पुन्हा बांधली.

आत गेल्यावर पहिल्याच दिवशी त्याला जागा कळली. शेडचं मागचं शटर उघडं होतं, त्यातून भिंत दिसत होती आणि भिंतीवरून त्यांच्या बांधावरच्या बाभळीचा शेंडा. म्हणजे आपण उभे आहोत तिथे ज्वारी असायची. आणि डाव्या हाताला, जिथे लोखंडी बिनांची, माल ठेवायच्या पेट्यांची, रास लावली होती, तिथे फरशीला काळा ओला डाग होता. डागाच्या मधून पाणी झिरपत होतं. अण्णांचं बरोबर होतं. हीर बुजवली होती, झरा तसाच होता.

शिफ्टचे साहेब सलिल नावाचे इंजिनिअर होते. धम्मपालच्याच वयाचे. स्वभावाने वाईट नव्हते. कामगाराशी बोलताना आवाज चढवत नसत, आणि पाण्याने मात्र पुरते वैतागले होते. "लाइन तपासली, ड्रेनेज तपासलं, लीकेज कुठून आहे तेच कळत नाही," ते म्हणाले. "धम्मपाल, तू बिन्स हलवायच्या आणि इथे पाणी साठलं की पंप लावायचा. एवढं एक सांभाळ. पाणी मशीनपर्यंत गेलं तर माझी नोकरी जाईल."

लीकेज कुठून आहे हे धम्मपालला माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं. सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, तुला कसं माहीत. तो "हो सर" म्हणाला. पंपाचा पाइप कुठे जातो तेही त्याला माहीत होतं. बटण दाबलं की पंप घरघरायचा, निळा पाइप ताठ व्हायचा आणि पाणी भिंतीपलीकडे जाऊन पडायचं. बापाच्या मेथीवर. पहिल्या दिवशी बटण दाबताना त्याचं बोट अडखळलं. महिन्याभरात अडखळायचं बंद झालं, आणि ह्याचाच त्याला जास्त संताप येई.

एक चूक त्याच्या हातून झालीच. बिन घेऊन आलेल्या बिहारच्या एका पोराने विचारलं, "भैया, ये कहाँ रखूँ?" धम्मपाल घाईत होता. "हिरीपाशी ठेव," तो म्हणून गेला. पोराला अर्थ कळला नाही, पण हात कुठे दाखवला ते कळलं. दुसऱ्या दिवशी त्या पोराने तिसऱ्याला सांगितलं, "हिरी पे रख दे." पंधरा दिवसांत सगळ्या शेडमध्ये त्या कोपऱ्याचं नाव हिरी पडलं. हिरी पे माल है, हिरी साफ करो, हिरी भर गई. धम्मपाल प्रत्येक वेळी सलिलसाहेब ऐकताहेत का ते बघून घेई. ज्ञानदेव दुरून बघायचा आणि मान खाली घालायचा.

"हे हिरी काय आहे रे?" सलिलसाहेबांनी एकदा विचारलंच.

"माहीत नाही सर. पोरं म्हणतात," धम्मपाल म्हणाला. आजोबांनी खणलेल्या हिरीबद्दल तो हे बोलला. 

रविवारी तो घरी गेला की अण्णासाहेब पाण्याचंच बोलायचे. "आता तर दिसभर सोडत्यात. कोन पंपावर बसलाय कुनास ठाऊक, हात ढिला हाय त्याचा." धम्मपाल ताटात मान घालून जेवायचा. चिखलीला परतल्यावर एकदा त्याने आम्रपालीला सगळं सांगितलं. ग्राइंडर चालू होता, त्यामुळे त्याला मोठ्याने सांगावं लागलं.

 तिच्या मांडीवर ब्लाउज होता आणि सुई हवेत राहिली होती. "म्हणजे आपण इथे राहतो ते अण्णांचं रान बुडवायला," ती म्हणाली.

"मग सोडू का काम? सांग तू. सोडतो उद्या. पुन्हा निघोज्याला जाऊ, चर खनू."

"मी सोडा म्हटलं का?"

"मग काय म्हनतेस?"

"काही नाही म्हणत. मला म्हणायला काही राहिलंच नाही ह्यात." तिने सुई टोचली. "समूला इथली शाळा आवडते. काल मला इंग्रजीत विचारत होती, मे आय गो टू टॉयलेट. घरात. मी हसले, आणि मग मला रडू आलं. राहायचं तरी चुकतंय, जायचं तरी चुकतंय. तुम्ही जेवून घ्या."

थंडी सरत आली तरी पाणी कमी होईना. अण्णासाहेबांनी दुसऱ्यांदा मेथी टाकली होती. ती बोटभर झाली आणि पुन्हा पिवळी पडली. मग एके दिवशी दुपारी शेडच्या मागच्या छोट्या गेटवर गलका झाला. सिक्युरिटीवाला धावत आला. "सर, लोकल आदमी आया है. पानी का पूछ रहा है."

सलिलसाहेबांचा चेहरा उतरला. "किती जण आहेत?"

"अकेला है. बूढ़ा है."

साहेबांना हायसं वाटलं, पण पुरतं नाही. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "धम्मपाल, तू ये. आम्ही बोललो की ही लोकं चढतात. तू कामगार आहेस, तुझं ऐकेल. गोड बोल. करतो म्हणावं काहीतरी. वाद नको."

धम्मपाल निघाला. मागून साहेब आले आणि गेटच्या आत थांबले. ज्ञानदेव बिन हातात धरून जागच्या जागी उभा राहिला.

गेटबाहेर अण्णासाहेब उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलाने माखलेले, हातात कुजलेल्या मेथीची मूठ. ते बोलायला तोंड उघडणार तोच समोर पोरगं आलं. गळ्यात कंपनीचं कार्ड. त्यांनी पोराकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या साहेबाकडे बघितलं. पोरगं ह्या कंपनीत आहे हे त्यांना माहीत होतं. पाण्याचं विचारल्यावर ह्यालाच पुढे धाडलं, म्हणजे पंपावर कोण आहे ते आता कळलं.

धम्मपालच्या ओठांवर "जय भीम, अण्णा" आलं होतं. ते त्याने गिळलं.

"नमस्कार, साहेब," अण्णासाहेब म्हणाले.

जन्मल्यापासून बापाने त्याला नमस्कार म्हटला नव्हता. धम्मपाल गळ्यातलं कार्ड चाचपत राहिला.

"बोल ना," सलिलसाहेब मागून हळूच म्हणाले.

"नमस्कार, बाबा. काय काम होतं?" धम्मपाल म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"काम काय न्हाई. पान्याचं सांगायचं व्हतं. खाली आमचं रान हाय. पंप जरा दमानं लावत जावा. मेथी लहान हाय."

"सांगतो साहेबांना."

"सांगा." अण्णासाहेबांनी मूठ उघडली. मेथी खाली टाकली नाही, दुसऱ्या हातात घेतली. "आपलं गाव कुठलं म्हनायचं, पावणं?"

"चिखली."

"बरं हाय का तिकडं?"

"बरं आहे."

"पोरंबाळं?"

"एक मुलगी आहे."

"तिला तिच्या आज्जीकडं धाडत जावा मधनं मधनं. म्हाताऱ्या मानसाला करमत न्हाई." एवढं बोलून अण्णासाहेबांनी पुन्हा हात जोडले, धम्मपालला आणि मागच्या साहेबालाही, आणि भिंतीच्या कडेकडेने खाली निघून गेले. चालताना डावा पाय ओढत होते. कधीपासून ओढतात हे धम्मपालला माहीत नव्हतं.

सलिलसाहेब हसत पुढे आले. "छान हाताळलंस. मला वाटलं दगड घेऊन आलाय. चांगला म्हातारा होता रे. पाइप दुसरीकडे वळवायचं बघतो मी, वरती मेल टाकतो." त्यांना ते त्या क्षणी खरंच करायचं होतं. तेवढ्यात आतून पोरगं ओरडलं, "सर, हिरी भर गई." पाणी मशीनच्या पायापर्यंत आलं होतं. साहेबांचा चेहरा पुन्हा ताणला गेला. "तोपर्यंत लाव बाबा पंप. पळ."

धम्मपाल पळाला. ओल्या फरशीवरून घसरता घसरता पंपापाशी पोचला. ज्ञानदेव त्याच्याकडे बघत होता, सगळे बघत होते. त्याने बटण दाबलं. पंप घरघरला, निळा पाइप ताठ झाला. पाणी मशीनपासून मागे सरायला लागलं, आणि भिंतीपलीकडे धो धो पडल्याचा आवाज आला.

तो बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिला. पाणी पोचल्याचं कळल्याशिवाय मोटरीपासून हलायचं नाही, ही अंगात मुरलेली सवय होती.

मग भिंतीपलीकडून, खालच्या अंगाने आवाज आला.

"आलं रं."

धम्मपालचं तोंड उघडलं. ते त्याने हाताने दाबून धरलं.

"काय ओरडतोय तो?" सलिलसाहेबांनी विचारलं.

"पाणी आलं म्हणतोय, सर."

"कुणाला सांगतोय?"

धम्मपालने उघड्या शटरातून भिंतीकडे बघितलं. वर बाभळीचा शेंडा दिसत होता.

"माहीत नाही, सर," तो म्हणाला.

"आलं रं," भिंतीपलीकडून पुन्हा आवाज आला. मग थोड्या वेळाने पुन्हा. वरून उत्तर मिळाल्याशिवाय म्हातारा थांबणार नव्हता.